वेदरकूमचे कर्नल आणि आमचे मेजर

इंग्लंडहून आल्यापासून जी ती शेजारीण एकच विचारते, राणीचा वाडा पाहिलात का? पाहिला. बाहेरून. आत कुणी बोलावलं नाही. पुलांचे, घड्याळाच्या मनोऱ्याचे, लाल बसचे फोटो घरी आहेत, ज्यांना हवेत त्यांनी येऊन बघावेत, चहाही मिळेल. पण मला सांगायचंय ते ब्रिस्टलजवळच्या एका लहानशा गावातलं, मासे आणि बटाटे तळून विकणाऱ्या दुकानाच्या भिंतीपाशी सुरू झालेलं आणि भांडी विसळायच्या सिंकपाशी संपलेलं. तिथे सहलीच्या बस जात नाहीत.

त्याआधी आम्ही गेलोच का, ते सांगायला हवं.

आमचे हे, म्हणजे मेजर शिर्के. लग्नाला इतकी वर्षं झाली तरी मनातल्या मनात मी त्यांना मेजरच म्हणते, कारण घरातसुद्धा ते हुकूमच सोडतात. फौजेतून निवृत्त होऊन गावी आले तेव्हा लोकांनी मोठ्या हौसेने त्यांना निवडणुकीला उभं केलं, निवडून दिलं आणि मेजर आमच्या तालुक्याच्या गावाचे नगराध्यक्ष झाले. पाच वर्षं कारभार केला. स्वच्छ केला, आणि त्या स्वच्छतेतच आडवे झाले. त्याचं असं की आमच्या गावात मोकाट डुकरं फार. ती कुणाची म्हणून विचारलं तर कुणाचीच नसत. मेजरांनी गाडी लावून ती पकडायला सुरुवात केली तेव्हा मात्र एकेका डुकराला चार-चार मालक निघाले. पुढच्या निवडणुकीत मेजर पडले. त्यांच्या जागी आला सुरेश, यांच्याच पहिल्या प्रचारात खांद्यावर शिडी घेऊन पोस्टरं चिकटवत फिरलेला.

मेजरांनी नगरपालिकेतून आपली सागवानी खुर्ची उचलून आणली. खुर्ची खरंच त्यांची होती. पालिकेच्या खुर्चीला खिळा होता म्हणून त्यांनी स्वतःची नेली होती. ती आता आमच्या व्हरांड्यात आली. तिच्यावर दुसऱ्या कुणी बसायचं नाही, केर काढताना मी ती हलवायचीसुद्धा नाही. सुरेश पेढे घेऊन पाया पडायला आला तर हे बाहेर आले नाहीत. "सांग, झोपलेत." भर सकाळी कोण झोपतं? पेढे मी ठेवून घेतले. चांगले होते.

त्यानंतर मेजर फाटकाबाहेर पडेनात. बाजार, बँक, पोस्ट, कुठेही जायचं तर वाट नगरपालिकेवरून जाते ना! पाच महिने दूध, भाजी, विजेचं बिल सगळं माझ्या गळ्यात. त्याचं मला एवढं नाही वाटलं. पण संध्याकाळी ते त्या खुर्चीत बसून रस्त्याकडे पाठ करून भिंतीकडे बघत बसायचे, ते बघवायचं नाही. हा माणूस आता या खुर्चीतच म्हातारा होणार, अशी मला खरोखर भीती वाटायला लागली. ब्रिस्टलला असणाऱ्या आमच्या मुलाला, निखिलला, मी फोनवर हे सगळं सांगितलं. त्याने तिकिटंच पाठवली. मेजरांनी हो म्हटलं तेव्हा मी चकित झाले. पण त्यांनी गाडी पहाटेची ठरवली. पहाटे नगरपालिका बंद असते.

ब्रिस्टल

ब्रिस्टल म्हणजे चढ-उतार. एका गल्लीतून भाजी घेऊन यायचं तर आधी टेकडी उतरा, मग दुसरी चढा. घरं सगळी एकासारखी एक, त्यामुळे पहिल्या दिवशी मी शेजाऱ्यांच्या दाराला किल्ली लावत होते आणि आतली बाई हसून हात हलवत होती. मे महिना होता. ऊन पडलं की लोक जमेल तेवढे कपडे काढून गवतावर लोळत, आणि मी स्वेटर घालून त्यांच्यामधून चालत असे. त्यांना माझी दया येत असावी, मला त्यांची येत होती.

निखिल विमानांचे पंख करणाऱ्या कंपनीत आहे. सून मृणाल युनिव्हर्सिटीत. दोघं सकाळी गेली की घरात आम्ही दोघं आणि कचरा. कचऱ्याचं तिथे फार मोठं प्रस्थ. पहिल्याच संध्याकाळी निखिलने मला बाहेर नेऊन शिकवणी घेतली.

"आई, प्लीज, बाटल्या या बॉक्समध्ये. कार्डबोर्ड सेपरेट. भाजीची सालं ब्राऊन बिनमध्ये. मिक्स झालं ना, तर कौन्सिलवाले उचलतच नाहीत, तसंच ठेवून जातात."

"आणि मग?"

"मग शेजारी बघतात."

मला हे ऐकून हसू आलं, पण मेजर गंभीर झाले. पाच महिन्यांत पहिल्यांदा त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं. कचऱ्याच्या गाडीच्या दिवशी ते सकाळीच दाढी करून, बूट घालून खिडकीत उभे. गाडी आली तसे बाहेर गेले आणि त्या पिवळ्या जाकिटातल्या माणसांना विचारायला लागले, एका गाडीकडे किती गल्ल्या, साहेब कोण, तक्रार आली तर काय करता. त्यांच्यातल्या एकाने जाता जाता यांना "चीअर्स, बॉस" म्हटलं. त्या शब्दावर मेजरांनी दोन दिवस काढले. जेवताना सुद्धा मृणालला सांगितलं, "बॉस म्हणाला. ओळखलं त्याने." तो तिथे सगळ्यांनाच बॉस म्हणतो, हे त्या बिचारीने सांगितलं नाही.

रविवारी जेवायला रीना आली. रीना गोखले, निखिलची इथली मैत्रीण. आई-वडील नागपूरहून कधीकाळी आलेले, ही जन्मली आणि वाढली लंडनजवळच्या मेडनहेडला, आता ब्रिस्टलपासून अर्ध्या तासावरच्या वेदरकूम नावाच्या गावात टाऊन कौन्सिलच्या ऑफिसात काम करते. मराठी बोलते, आणि बोलताना अडखळली तरी थांबत नाही, हे मला फार आवडलं.

"माझा मराठी थोडा वीक आहे हं, काकू. पण तुमची वरण सुपर्ब झाला!"

बोलता बोलता मेजर फौजेत होते आणि नंतर नगराध्यक्ष होते हे कळलं, तेव्हा तिने चमचा खाली ठेवला.

"काका! आर्मी ऑफिसर आणि मग मेयर? ओह माय गॉड. सेम आमचा कर्नल टिली!"

मग तिने जे सांगितलं ते असं. दोनशे-सव्वादोनशे वर्षांपूर्वी वेदरकूममध्ये एक खोगीर शिवणारा होता. त्याचा मुलगा ॲम्ब्रोस टिली लहानपणीच जहाजावर चढून अमेरिकेला गेला. तो देश तेव्हा नुकता कुठे उभा राहत होता. हा त्यांच्या फौजेत शिरला, इंग्रजांशीच लढला, कर्नल झाला. शेवटी एका नदीकाठच्या ठाण्यावर त्याची नेमणूक होती. त्या ठाण्याभोवती हळूहळू वस्ती वाढून शहर झालं, आणि त्या शहराने निवृत्त कर्नललाच आपला महापौर केलं. आता इतक्या वर्षांनी वेदरकूमच्या इतिहास मंडळाने त्याच्या जन्मघरावर, तिकडे नामवंतांच्या घरांवर लावतात तशी, निळी पाटी बसवायचं ठरवलं होतं. गावातले काही लोक कुरकुरत होते, आपल्यावर गोळ्या झाडणाऱ्याची पाटी आपल्याच भिंतीवर कशाला म्हणून. त्याच्या वंशातल्या एक आजीबाई खास अमेरिकेहून येणार होत्या.

"शनिवारी तीन वाजता आहे, काका. तुम्ही या ना! आमचा मेयर पण येणार. तुम्ही दोन शब्द बोललात तर लोकांना किती आवडेल!"

मेजरांची पाठ ताठ झाली. "प्रमुख पाहुणे कोण आहेत?"

रीनाला काही कळलं नाही. "पाहुणे? एव्हरीबडी इज वेलकम, काका."

"म्हणजे अजून ठरलेले नाहीत," रीना गेल्यावर मेजर मला म्हणाले. "बोलावणं अवघड जात असेल तिला. तरुण मुलगी. पण अर्थ सरळ आहे."

मी म्हटलं, "अहो, ती नुसती या म्हणाली."

"फौजी आणि नगराध्यक्ष, दोन्ही असलेला माणूस त्या सबंध गावात मीच. पाटी कोण उघडणार मग?"

मला वाद घालता आला असता. घातला नाही. पाच महिन्यांनी त्या माणसाला कुठेतरी जावंसं वाटत होतं.

तो सबंध आठवडा घरात भाषण चाललं होतं. आंघोळ करताना इंग्रजीत, जिन्यावर मराठीत. सुरुवात व्यासपीठावरच्या मान्यवरांपासून, मग कर्नल टिली, मग आमचं गाव, मग कृतघ्न जनता. कृतघ्न जनतेवर ते फार वेळ रेंगाळत. बुधवारी त्यांनी निखिलला आपल्याकडच्या मालाची दुकानं असलेल्या ईस्टन भागात पिटाळून नारळ आणवला. माझ्या बॅगेत मृणालच्या मावशीला द्यायला नेलेली शाल होती, ती जप्त झाली. सत्कार करायचा तर शाल-श्रीफळ पाहिजेच. मी नारळाला कुंकवाचं बोट लावून दिलं.

वेदरकूम

वेदरकूम फार देखणं गाव आहे. मधाच्या रंगाच्या दगडाची घरं, मधोमध एक तळं, तळ्यात बदकं, आणि बदकांना ब्रेड घालू नका अशी पाटी. आम्ही वेळेच्या बऱ्याच आधी पोचलो. निखिलने हॉलपुढे गाडी लावली तशी मेजर म्हणाले, "पुढे घे."

"बाबा, हाच हॉल आहे."

"माहीत आहे. तळ्याकडे घे."

इथे मला थोडं समजावून सांगावं लागेल. फौजेत असताना मेजर वेळेच्या इतके पक्के की लग्नाच्या मुहूर्तालाही भटजींच्या आधी बोहल्यावर उभे होते. पण नगराध्यक्ष झाल्यावर एकदा ते एका वाचनालयाच्या उद्घाटनाला ठरल्या वेळी गेले. तिथे फक्त सतरंजीवाला होता. मंडळाचे अध्यक्ष पुढे धावत आले आणि काकुळतीला येऊन म्हणाले, साहेब, तुम्ही एवढ्या लवकर आलात तर लोक म्हणतील पाहुण्यांना काही काम नाही. त्या दिवसापासून मेजर प्रत्येक समारंभाला पाऊण तास उशिरा. प्रमुख पाहुण्याने लोकांना वाट बघायला लावलीच पाहिजे, त्याशिवाय हार घालायला गर्दी होत नाही, हे त्यांचं ठाम मत झालं.

म्हणून आम्ही तळ्याकाठी बसलो. हॉलकडून टाळ्या ऐकू आल्या. "पाहुण्यांच्या आधीचं स्वागतगीत असेल," मेजर म्हणाले. पुन्हा टाळ्या झाल्या. निखिल घड्याळ बघत नुसता तळमळत होता.

"बाबा, इथे थ्री म्हणजे थ्री असतं. सिरियसली."

"तीनला मांडामांड सुरू होते," मेजर म्हणाले आणि भाषणाची शेवटची उजळणी करायला लागले. एक बदक पुढे येऊन ऐकत होतं.

अखेर आम्ही उठलो. मेजर पुढे, ब्लेझरवर पदकं, हातात पिशवी. मागे मी. त्यामागे निखिल, आपण यांचे कोणी नाही अशा अंतरावर. हॉलच्या शेजारीच ते जन्मघर होतं. खोगीरवाल्याच्या घरात आता ते चिप्सचं, म्हणजे मासे-बटाटे तळून विकणारं दुकान आहे. भिंतीवर निळी पाटी चकचकत होती, उघडी. रीना शिडीवरून खाली उतरत होती, तिच्या हातात पाटीवरचा पडदा घडी घातलेला.

"काका! कुठे होता? मी किती वेळ तुमचा वाट बघितला! प्रश्न-उत्तरांच्या आधी मी तुमचं नाव पण घेतलं, पण तुम्ही नव्हता ना!"

"संपलं?" मेजरांनी विचारलं.

"हो ना. पण चहा आहे! या, या."

मेजरांचा चेहरा मी बघितला आणि माझी चेष्टा जिथल्या तिथे विरली. निवडणुकीच्या निकालाच्या दिवशी होता, तोच चेहरा. मला वाटलं, झालं, आता हे परत गाडीत जाऊन बसणार आणि गावी गेल्यावर त्या खुर्चीत. रीनाने त्यांचा दंड धरला नसता तर ते तसेच वळले असते.

हॉलमध्ये लोक खुर्च्या आवरत होते. स्वतः बसलेली खुर्ची स्वतः उचलायची आणि भिंतीशी दुसरीवर रचायची, अशी तिथे रीत आहे. डॉक्टर असो, पाद्री असो. मेजर बसायला खुर्ची शोधत होते आणि लोक खुर्च्या घेऊन चालले होते. एका उंच म्हाताऱ्याने यांना तिथला कार्यकर्ता समजून दोन खुर्च्या हातात दिल्या आणि आभार मानून निघून गेला. मेजरांनी आयुष्यात पहिल्यांदा खुर्च्यांची थप्पी लावली. फौजी माणूस, थप्पी मात्र अगदी सरळ लावली.

कोपऱ्यात तीन पायांच्या स्टँडवर अमेरिकेहून आणलेली एका जुन्या चित्राची नक्कल होती. कर्नल टिली खुर्चीत बसलेले, छाती पुढे, हात मांडीवर. मागे त्यांची बायको उभी, एक हात खुर्चीच्या पाठीवर. मंडळाने वाटलेल्या माहितीपत्रात कर्नलच्या लढायांची सगळी हकिकत होती. बाईंबद्दल एवढंच, की त्यांचं लग्न झालं होतं. आणि शेवटी एक ओळ होती, की महापौरपदानंतर कर्नलनी शहराची 'इतर पदांवरूनही' सेवा केली. मी ते चित्र बराच वेळ पाहिलं. खुर्ची एकच होती, बाईंना दुसरी आणता आली नसती का, असं मनात आलं.

सिंकपाशी

चहा, केक आणि काकडीची पातळ सँडविचेस. ती सँडविचेस इतकी नाजूक की तोंडात काही गेलं की नाही याची खात्री करायला दुसरं घ्यावं लागतं. मी चार वेळा खात्री केली. मग कप घेऊन स्वयंपाकघरात गेले, तर सिंकपाशी एक गुबगुबीत बाई कोपरापर्यंत फेसात हात घालून कप विसळत होत्या. शेजारी पावाच्या डब्यावर एक जाडजूड सोनेरी साखळी, तिकडचे मेयर मानाची म्हणून गळ्यात घालतात ती, भांडी पुसायच्या फडक्यात गुंडाळून ठेवलेली. त्या वेदरकूमच्या मेयर, जीन. पूर्वी शाळेपुढे हातात फलक धरून मुलांना रस्ता ओलांडून देत. साखळी फेसात पडू नये म्हणून काढून ठेवली होती.

मेजर दारात उभे राहून बघत होते. जीनबाईंनी मागे वळून पाहिलं आणि एक फडकं त्यांच्याकडे फेकलं. "पदकं लावून आलायत म्हणजे शिस्तीचे असणार. पुसा."

पुढचं बोलणं सगळं इंग्रजीत झालं, मी आपल्या भाषेत सांगते. मेजरांनी घरी कधी कप उचलला नव्हता, पुसणं दूरच. पण हुकूम तो हुकूम. बकल घासावं तसा त्यांनी पहिला कप घासला, उजेडात धरून तपासला आणि मांडला. मग दुसरा. जीनबाईंना रीनाने यांच्याबद्दल सांगितलं होतंच. त्या म्हणाल्या, "मग महापौर म्हणून तुम्ही काय काय केलंत?"

सबंध आठवडा तयार केलेलं भाषण होतं. व्यासपीठावरचे मान्यवर होते, कृतघ्न जनता होती. मेजरांनी एक कप पुसला आणि एवढंच म्हणाले, "डुकरं पकडली. म्हणून पडलो."

मागे कुणीतरी खदखदून हसलं. कपाटाजवळच्या स्टुलावर एक काटकुळ्या आजीबाई केक खात बसल्या होत्या. त्याच अमेरिकेच्या डोरिसबाई, कर्नलच्या खापरपणतीची लेक की अशाच कुणी.

"यांना कुणी सांगितलं नाही?" डोरिसबाई म्हणाल्या. "आमचे कर्नलही डुकरांवरूनच पडले!"

मेजरांचा हात कपातच थांबला.

डोरिसबाईंनी मग सगळं सांगितलं. त्या काळी अमेरिकेतल्या शहरांमधून डुकरं मोकाट हिंडायची, कचरा खायची आणि बाजारात बायकांना पाडायची. कर्नल टिली महापौर झाले आणि त्यांनी डुकरं कोंडवाड्यात घालायला सुरुवात केली. गाव खवळलं. पुढच्या निवडणुकीत कर्नल आपटले आणि निवडून आला एक खाणावळवाला, ज्याची स्वतःचीच डुकरं सगळ्यांत जास्त. कर्नल घरात बसले. नगरगृहाकडची खिडकी त्यांनी बंद करून घेतली आणि सबंध हिवाळा उघडू दिली नाही.

"सबंध हिवाळा?" मी विचारलं.

"सबंध. मग एका सकाळी त्यांच्या बायकोने ती खिडकी उघडली. पुरे झालं, म्हणाली. तिचं नाव पेशन्स."

"आणि मग?" हे मेजरांनी विचारलं.

"तिकडे काही गावांत डुकरं पकडायचा एक अधिकारी नेमायची पद्धत होती. थट्टेचं पद. नव्या लग्नाच्या पोरांच्या गळ्यात मारायचे आणि हसायचे. तर खाणावळवाल्याने भर सभेत कर्नललाच ते पद देऊ केलं. सगळे हसले. दुसऱ्या दिवशी सकाळी कर्नल पुरा लष्करी पोशाख चढवून, तलवार लावून त्याच्या दारात उभे. म्हणाले, पहिलं डुक्कर कुठे आहे?"

"तलवार लावून," मेजर म्हणाले.

"तलवार लावून. आणि पहिली पकडली ती महापौरांचीच. म्हातारे होईपर्यंत तेच काम केलं. आमच्या घरच्यांना याची लाज वाटते, म्हणून पत्रकात 'इतर पदं' असं घातलंय."

 मग मेजरांच्या पोटातून काहीतरी यायला लागलं. आधी मला वाटलं ठसका लागला. ते हसत होते. हातातला कप त्यांनी नीट खाली ठेवला आणि एका उलट्या खोक्यावर बसून डोळ्यांना फडकं लावून हसत राहिले. डोरिसबाई हसल्या, जीनबाई फेसासकट हसल्या. ते हसणं मी किती महिन्यांत ऐकलं नव्हतं. मला रडू आलं. फेस डोळ्यात गेला म्हणून सांगितलं, आणि जीनबाईंनी काळजीने मला नळाखाली वाकवलं.

मग शाल-श्रीफळ झालं. त्या स्वयंपाकघरातच. मेजरांनी जीनबाईंच्या खांद्यावर शाल घातली, त्या अगदी विरघळल्या. मग नारळ हातात दिला.

"अय्या, किती छान!" जीनबाई म्हणाल्या, म्हणजे त्या अर्थाचं काहीतरी. "जत्रेतल्या आमच्या नारळाच्या खेळाला एक कमीच पडत होता!"

जत्रा

पुढच्या शनिवारी मेजर स्वतःहून म्हणाले, वेदरकूमची जत्रा बघू या. गवतावर तंबू, जॅमच्या बरण्या, कुणाचा भोपळा मोठा याची चढाओढ आणि एका बाजूला तो खेळ. उंच खांबांवर नारळ ठेवतात, लांबून चेंडू मारायचा, नारळ पडला तर तुमचा. मधल्या खांबावरच्या नारळाला माझं कुंकवाचं बोट अजून होतं.

"सत्काराच्या नारळाला लोक चेंडू मारतायत," मेजर पुटपुटले.

"गावचं पुढारीपण केलंत की," मी म्हटलं. "तुम्हाला काय नवीन आहे?"

त्यांनी माझ्याकडे असं काही पाहिलं की मी चार पावलं मागे झाले. मग कोट काढून माझ्या हातात दिला आणि स्वतः चेंडू मारायला उभे राहिले. तिन्ही चेंडू तंबूच्या कापडावर. मग मी मारला. पहिल्याच चेंडूला नारळ खाली. निखिलने डोळे विस्फारले. त्याला काय माहीत, माझ्या माहेरी कैऱ्या कोण पाडायचं.

त्या नारळाच्या मी वड्या केल्या. अर्ध्या जीनबाईंना पाठवल्या, तळलेले मासे आणि ते हिरव्या वाटाण्याचं मऊशार पिठलं आम्हाला खाऊ घातलं म्हणून चिप्सवाल्यालाही चार दिल्या. त्याने त्या भिंतीवरच्या पाटीखाली उभं राहून खाल्ल्या.

परत

आमच्या एसटी स्टँडपासून घरापर्यंत मी डुकरं मोजायला लागले आणि सोडून दिलं. एक तर आमच्याच फाटकाशी आडवं पडलं होतं. त्याने आमच्याकडे पाहिलं, मेजरांनी त्याच्याकडे पाहिलं. मी मनात म्हटलं, आता कठीण आहे.

सकाळी मी चहा घेऊन व्हरांड्यात आले तर खुर्ची रिकामी. मेजर ब्लेझर घालून, पदकं लावून फाटकाशी उभे. "बाजारात यायचंय?" म्हणाले. मी पिशवी घेतली. चप्पल घालायलाही विसरले असते.

नगरपालिकेपुढे आम्ही पोचलो तेव्हा शिपाई नुकता कुलूप काढत होता. बाकावर घरपट्टीचे दोन-तीन लोक बसले होते. ते उठून उभे राहिले, मेजरांनी त्यांना बसायला सांगितलं आणि स्वतः त्यांच्याच रांगेत शेवटी बसले. मी बाकापासून चार हातांवर बसलेल्या भाजीवालीशी उगाचच भावावरून हुज्जत घालत उभी राहिले.

सुरेश बऱ्याच उशिरा आला. गाडीतून उतरला आणि बाकाकडे पाहून जागच्या जागी थिजला.

"साहेब! तुम्ही इथे? बाकावर?" तो पाया पडायला वाकला. या वेळी मेजरांनी त्याला पाया पडू दिलं.

"बसा अध्यक्ष," मेजर म्हणाले.

आजवर त्यांनी त्याला सुऱ्या म्हणूनच हाक मारली होती. सुरेश बसला नाही, बसणं त्याला सुचलंच नाही.

"डुकरांचं काम सध्या कुणाकडे आहे?"

"कुणाकडेच नाही, साहेब. कुणी घ्यायलाच तयार नाही."

"मग मला द्या."

सुरेशला वाटलं टोमणा आहे. त्याने मेजरांच्या चेहऱ्याकडे पाहिलं, आणि टोमणा नाही हे कळलं तसा त्याचा स्वतःचाच चेहरा बदलला. खिशातून रुमाल काढला, कपाळ पुसतोय असं दाखवत डोळे पुसले. मग खालच्या आवाजात म्हणाला, "साहेब, पण त्यात माझ्या मेव्हण्याचीही आहेत."

"उत्तम," मेजर म्हणाले आणि उठून उभे राहिले. "तिथूनच सुरुवात करू."

मी भाजी न घेताच घरी आले. चहा निवला होता, तो पुन्हा गरम केला. व्हरांड्यात गेले आणि इकडे तिकडे न बघता त्या सागवानी खुर्चीत बसले. पेशन्सबाईंची आठवण झाली. रस्त्यावरून मोठा आरडाओरडा, पळापळ आणि मध्येच मेजरांचे हुकूम ऐकू येत होते. खुर्ची, खरं सांगते, फार टणक आहे. इतके दिवस हा माणूस तिच्यावर कसा बसला कोण जाणे. मी आत जाऊन उशी आणली आणि पुन्हा बसले.